प्रोबचं टोक नेमकं कुठे आहे?

अमेरिकेतल्या अटलांटाच्या उत्तरेकडच्या उपनगरांत परसात हिरवं अंडं, म्हणजे अंड्याच्या आकाराची झाकणवाली कोळशाची चूल, नसलेलं घर शोधावं लागतं. ती विकणारी बिग ग्रीन एग ही कंपनी इथलीच. एड फिशर नावाच्या गृहस्थांनी १९७४ साली अटलांटात दुकान काढलं आणि त्यात पाचिंको नावाच्या जपानी खेळाची यंत्रं आणि कामाडो नावाच्या जपानी मातीच्या चुली असं दोन्ही विकायला ठेवलं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात राहून आलेल्या अमेरिकी सैनिकांमुळे या चुली इकडे थोड्याफार माहीत झाल्या होत्या. पाचिंको मागे पडलं, चूल चालली, आणि पुढे मातीच्या जागी सिरॅमिक आलं. आमचं एग जुनं, घर बदलणाऱ्या एका कुटुंबाकडून घेतलेलं. सत्तर किलोंच्या वरचं ते धूड जिन्यावरून परसात आणताना शेजारपाजारचे सगळे पुरुष कामाला लागले होते. इतिहास एवढा पुरे. मला सांगायचं आहे ते त्यात मी खुपसतो त्या थर्मामीटरांबद्दल, म्हणजे त्यांच्या टोकदार दांड्यांबद्दल, ज्यांना प्रोब म्हणतात.

एगच्या झाकणावर गोल डायल असतो. नव्या माणसाला वाटतं, झालं की काम, आकडा समोर दिसतोय. पण त्या डायलची दांडी झाकणातून आत चार-पाच इंच शिरते आणि घुमटाखालच्या हवेचं तापमान सांगते. मटण असतं त्याच्या खाली, जाळीवर. मंद आचेवर तासन्‌तास शिजवायचं असलं की निखारे आणि जाळी यांच्या मध्ये सिरॅमिकची एक जाड तबकडी ठेवतात, तिला डिफ्लेक्टर म्हणतात. गरम हवा या तबकडीच्या कडेनं वर चढते आणि घुमटाला जाऊन भिडते. तबकडीच्या बरोबर वर, जाळीच्या मधोमध, फ्रिजमधून काढलेला मटणाचा थंड गोळा बसलेला. अशा वेळी पहिल्या तासात डायल २७५ अंश दाखवतोय आणि जाळीपाशी २४० सुद्धा नाही, हे नेहमीचंच. (आकडे फॅरनहाइटमध्ये देतोय, इथं सगळं त्यातच चालतं, २२५ ते २५० फॅरनहाइट म्हणजे साधारण १०७ ते १२१ सेल्सिअस.) मटण तापत जातं तशी ही तफावत कमी होते. डायल खोटं बोलत नाही आणि जाळीवरचा प्रोबही नाही. दोघं आपापल्या जागेचं सांगतात. आकडा वाचायच्या आधी त्या आकड्यामागचं टोक कुठं आहे ते माहीत हवं, एवढं एकदा डोक्यात बसलं की निम्मी धावपळ थांबते.

माझ्याकडे वायरवाले दोन प्रोब आणि एक हातात धरून टोचायचा झटपट थर्मामीटर आहे. वायरवाल्यांच्या टोकात थर्मिस्टर असतो. तापमान वाढलं की त्याचा विद्युतरोध घटतो, आणि किती घटला त्यावरून यंत्र आकडा काढतं. हे घटणं सरळ रेषेत होत नाही आणि प्रत्येक कंपनीचा हिशेब वेगळा, म्हणून एकाचा प्रोब दुसऱ्याच्या यंत्रात खोचला तर प्लग बसतो पण आकडा भलताच येतो. हातातल्या थर्मामीटरमध्ये थर्मोकपल आहे : दोन वेगळ्या धातूंच्या तारा टोकाशी जोडलेल्या, आणि त्या जोडाच्या तापमानाप्रमाणे उमटणारा अगदी बारीकसा विद्युतदाब. दोन-तीन सेकंदांत उत्तर देतो. तो महाग आहे, पण घ्यायचा एकच असेल तर तोच घ्या असं मी सांगेन.

नवीन प्रोब आला की आधी बर्फात. उंच पेला बर्फाच्या चुऱ्यानं गच्च भरायचा, फटी भरतील एवढंच पाणी, ढवळायचं, थोडं थांबायचं आणि टोक मधोमध धरायचं, पेल्याला टेकू न देता. ३२ अंश यायला हवेत. एखादा अंश इकडेतिकडे चालतो. बर्फ तरंगेल इतकं पाणी घातलं तर तळाचं पाणी ३२ च्या वर राहतं आणि बिचाऱ्या प्रोबवर आळ येतो. उकळत्या पाण्याची चाचणीही चांगली, फक्त आपण किती उंचीवर राहतो ते धरावं लागतं. आमचं घर समुद्रसपाटीपासून हजारेक फुटांवर आहे, म्हणून इथं पाणी २१२ ला नाही, २१० ला उकळतं. आई हे बघत होती. तिच्या कोल्हापुरात ते ९८ सेल्सिअसच्या आसपासच उकळत असणार, असं सांगितल्यावर म्हणाली, “म्हणून तिथं डाळ शिजायला वेळ लागतो व्हय?” फरक इतका नाही पडत, पण तर्क बरोबर दिशेनं होता. तेव्हापासून हातातला थर्मामीटर तिनं स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. विरजण लावताना दूध ४३ सेल्सिअसवर आलं की ती दही घालते. आता परसात जाताना मला तिच्याकडे तो मागावा लागतो.

आई उन्हाळ्यात इकडे असताना मेंढीचा खांदा करायचं ठरलं, हाडासकट, पाच पौंडांच्या आसपासचा. मांडीपेक्षा खांदा या प्रकाराला चांगला. त्यात चरबी आणि शिरा जास्त, आणि शिरांमधलं कोलॅजेन विरघळून मटण रसाळ व्हायला मंद आच आणि भरपूर वेळ लागतो. आदल्या रात्री फक्त मीठ चोळून उघडंच फ्रिजमध्ये ठेवलं. सकाळी तेल आणि कांदा-लसूण मसाला. तिखट जळून कडू होईल अशी धास्ती बायकोला होती, पण २५० अंशांना मसाला जळत नाही, काळपट होतो फक्त.

“शिट्ट्या किती करायच्या याच्या?” आईनं विचारलं.

“आई, याला शिट्टी नसते. सात-आठ तास लागतील.”

“आठ तास? मेंढी म्हातारी होती काय रे?”

एग पेटवायचं म्हणजे आधी जुनी राख खालून काढायची, मग लाकडी कोळसा भरायचा. विटा करून विकतात तो नव्हे, नुसत्या लाकडाचा ओबडधोबड कोळसा. राख कमी होते. जाळ एकाच जागी लावायचा, कारण मंद आचेला निखारा थोडाच लागतो. सिरॅमिकच्या भिंती जाड असल्यामुळे उष्णता बाहेर फारशी जात नाही, आणि खालची खिडकी नि वरची झडप या दोनच वाटांनी हवा येते-जाते. या गुणाची दुसरी बाजू अशी की एकदा का भिंती ३०० पर्यंत तापल्या, की त्यांना २५० वर उतरवायला तास जातो. म्हणून तापमान चढत असतानाच पकडायचं. डायल २०० च्या पुढे सरकला की मी खालची खिडकी बोटभर फटीवर आणतो आणि वरची झडप जेमतेम किलकिली ठेवतो. मग पेकान नावाच्या, अक्रोडासारखी फळं देणाऱ्या झाडाच्या लाकडाचे दोन तुकडे निखाऱ्यावर टाकायचे (पेकानची झाडं जॉर्जियात जागोजाग, लाकूड सहज मिळतं), वर डिफ्लेक्टर, वर जाळी. सुरुवातीला दाट पांढरा धूर येतो, त्यात मटण ठेवलं तर कडवट वास बसतो. धूर विरळ होऊन निळसर झाला की मटण आत.

आता प्रोब. पहिला जाळीचा. क्लिपनं जाळीला लावायचा, मटणापासून दोनेक इंच लांब. फार जवळ असला तर थंड मटणाभोवतीची थंड हवाच तो मोजतो. फार लांब सरकवला तर डिफ्लेक्टरच्या कडेवर जातो, जिथून गरम हवेचा झोत वर येतो. ही नुसती काळजी नव्हे. त्याच जाळीवर प्रोब मधून कडेकडे दोन-तीन इंच सरकवला की आकडा चाळीसेक अंशांनी चढलेला मी पाहिला आहे, खिडक्यांना हातही न लावता. रेसिपीत २५० लिहिलेलं असतं तेव्हा ते कुठलं २५०, हे लिहिणारे सांगत नाहीत.

दुसरा प्रोब मटणाचा. तो बाजूनं आडवा घालायचा, म्हणजे टोक सगळ्यात जाड भागाच्या गाभ्यात येतं. खांद्यात चपटं हाड असतं, त्याला टोक टेकलं किंवा चरबीच्या पट्ट्यात गेलं की आकडा फसवतो. आकड्यावर लक्ष ठेवून प्रोब जरा जास्त आत ढकलायचा आणि हळूहळू मागे ओढायचा. ओढताना आकडा उतरत जातो, एका जागी सगळ्यात कमी होतो आणि पुन्हा चढायला लागतो. सगळ्यात कमी जिथं, तो गाभा. मात्र मटण अगदी थंड असताना सगळीकडे सारखाच आकडा येतो, म्हणून सुरुवातीला अंदाजानं घालून तासाभरानं हे करून घ्यावं.

वायरीचं दुखणं वेगळंच. एगचं झाकण जड. त्याच्या काठाला मऊ पट्टी असते, वायर तिच्यावरून बाहेर काढली तर पट्टी दबते आणि फट राहत नाही. पण झाकण आपटलं तर वायर चेपते, आणि आतली तार तुटली की प्रोब गेला. म्हणून झाकण हातानं धरून टेकवायचं. आतल्या बाजूला वायर डिफ्लेक्टरच्या कडेवरून लोंबकळू द्यायची नाही. कधी कोळशावर चरबी पडून भडका उडाला तर तो तिथूनच वर येतो. प्रोब धुताना नळी तेवढी ओल्या कापडानं पुसायची. स्टीलची नळी संपून विणलेली वायर जिथं सुरू होते, त्या जोडात पाणी शिरलं की यंत्र वाटेल तो आकडा दाखवतं. बिनवायरीचे प्रोब आले आहेत, ते या कटकटीतून सोडवतात, पण त्यांना पार खुणेपर्यंत मटणात बुडवावं लागतं, कारण आतला इलेक्ट्रॉनिक भाग मटणाच्या ओलाव्यातच सुरक्षित राहतो. शिवाय सिरॅमिकच्या जाड भिंतीतून ब्लूटूथचा जीव जातो. त्यांचा सिग्नल घेणारा डबा एगच्या शेजारीच ठेवावा लागतो.

झाकण बंद झालं की खरी परीक्षा आपल्या हातांची. फोनवर आकडा दिसतो, २४३, २४१, २३८, आणि बोटं खिडकीकडे वळवळतात. करायचं काहीच नाही. कोळशाच्या आगीत दहा-पंधरा अंशांचं हेलकावणं असतंच. मी आकडा बघत नाही, आलेख बघतो. वीस मिनिटं रेघ एकाच दिशेनं जात असेल तरच खिडकी केसभर हलवायची आणि पुन्हा वीस मिनिटं गप्प बसायचं. भिंती तापायला आणि निवायला वेळ घेतात. लागोपाठ दोनदा खिडकी हलवली तर पहिल्या हलवण्याचा परिणाम दिसायच्या आत दुसरा होऊन बसतो, आणि मग दुपारभर आकड्याच्या मागं पळत राहायचं.

आमच्या शेजाऱ्यांकडे याला यंत्र आहे. खालच्या खिडकीला छोटा पंखा लावतात, जाळीचा प्रोब यंत्राला आकडा देतो, कमी झाला की पंखा हवा मारतो. रात्रभर शिजवायचं असेल तर उपयोगाचं, मान्य. पण झाकण उघडलं की जाळीपाशी तापमान एकदम पडतं, पंख्याला वाटतं आग विझली, तो जोरात फुंकतो, आणि झाकण बंद केल्यावर एग ३०० वर. हल्लीची काही यंत्रं झाकण उघडल्याचं ओळखतात, शेजाऱ्यांचं ओळखत नाही. पातळ पत्र्याच्या ग्रिलला पंखा हवाच, एगला मला तरी त्याची गरज वाटत नाही.

पहिले तीन तास मटणाची रेघ छान चढली. ४० वरून १०० झाले, १०० वरून १४५. मग १५८ ला येऊन बसली. आई फोन बघून म्हणाली, “बंद पडलं वाटतं.” यंत्र बंद पडलं नव्हतं. इकडचे लोक याला स्टॉल म्हणतात, आणि पूर्वी समज असा होता की कोलॅजेन विरघळण्यात उष्णता खर्ची पडते. ग्रेग ब्लाँडर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं ओला स्पंज आणि चरबीचा गोळा, दोन्हींत प्रोब घालून गरम करून पाहिलं. स्पंजाची रेघ अडकली, चरबीची सरळ चढत गेली. म्हणजे कारण बाष्पीभवन. माठातलं पाणी जसं पाझरून गार राहतं, तसं मटण पृष्ठभागावरच्या ओलाव्यानं स्वतःला गार ठेवतं. आग जेवढी उष्णता देते तेवढी वाफ घेऊन जाते. आईला माठ लगेच पटला. “मग झाका की त्याला,” ती म्हणाली. टेक्सासमधले बार्बेक्यूवाले नेमकं हेच करतात, फॉइलमध्ये किंवा जाड कागदात गुंडाळतात.

आम्ही केळीच्या पानात गुंडाळलं. ब्यूफर्ड हायवेवरच्या व्हिएतनामी दुकानात पानं गोठवलेली मिळतात. पाण्यात सोडून, तव्यावर शेकून घेतली की वाकतात. आत पान, वर फॉइल. बाहेरून काळ्या पडलेल्या मसाल्याची पापडी मऊ होते, हा तोटा आहे, तो मला चालतो. यात प्रोबचा एक बारकावा आहे. नळी आणि वायर यांचा जोड फॉइलच्या बाहेर राहायला हवा. आत कोंडलेली वाफ त्या जोडात शिरते, आणि दीड तासानं फोन सांगायला लागतो की मटण ३९० अंशांवर आहे. पाण्यात न बुडवताही प्रोब असा भिजतो. (कोमट ओव्हनमध्ये वाळवला तर कधीकधी सुधारतो, भरवसा नाही.) म्हणून फॉइलची घडी वरच्या बाजूला ठेवून तिच्यातूनच नळी तिरपी आत घालायची, जोड वर मोकळा.

गुंडाळल्यावर रेघ पुन्हा चढू लागली. १९५ ला मी झाकण उघडलं. खाण्याला सुरक्षित म्हणाल तर मेंढीचं मटण केव्हाच झालं होतं. अमेरिकी कृषी खात्याच्या हिशेबानं अखंड तुकड्याला १४५ अंश आणि तीन मिनिटं थांबणं पुरतं. पण १४५ ला खांदा चिवट असतो. मऊ व्हायला १९५ ते २०५ लागतात, आणि त्यातला नेमका कुठला आकडा, ते प्रत्येक खांद्याचं वेगळं. इथून पुढे थर्मामीटरचं टोक मी आकड्यासाठी वापरत नाही, टोचण्यासाठी वापरतो. चार ठिकाणी घालून बघायचं. तीन ठिकाणी सहज गेलं आणि हाडाजवळ अडलं, म्हणजे अजून थोडा वेळ. २०१ ला कुठंच अडलं नाही. आईनं प्रोबकडे बघितलंही नाही. तिनं कडेचा एक तुकडा दोन बोटांत चिमटला, दाबला आणि म्हणाली, “झालंय.” नंतर चपटं हाड धरून हलवलं तर ते सुरीशिवाय हातात आलं.

लगेच फाडायचं नाही. गुंडाळलेलं तसंच टॉवेलात लपेटून रिकाम्या कूलरमध्ये (थंड पेयं ठेवायच्या जाड भिंतींच्या पेटीत) ठेवलं, प्रोब आतच ठेवून. इथं त्याचं दुसरं काम सुरू होतं. १४० च्या खाली मटण बराच वेळ राहू नये, आणि पाहुणे उशिरा येणार हे आपल्या लोकांत गृहीत. दोन तासांनी गाभ्यात १६० होतं. वाढायला काहीच घाई नव्हती.

आईचा निकाल : चव आहे, धूरही बरा लागतो, पण रस्सा कुठाय? मग केळीच्या पानात जमलेला रस आणि ते हाड घेऊन तिनं रात्री तांबडा रस्सा केला. दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबर उरलेलं मटण त्यात घालून खाल्लं, आणि खरं सांगायचं तर ते आदल्या दिवसापेक्षा सरस झालं होतं.

कोंबडीला एवढा सोहळा लागत नाही. डिफ्लेक्टर काढून, ३७५-४०० वर तंगड्या ठेवायच्या, वायरवाले प्रोब घरात, फक्त हातातला थर्मामीटर. नियमाचा आकडा १६५, पण तंगडी १८० पर्यंत नेली तर हाडाजवळचं मांस सुटतं आणि कोरडंही पडत नाही. इतक्या आचेवर झाकण उघडताना आधी ते दोन बोटंभर उचलून थांबायचं. एकदम उघडलं तर हवा आत घुसून भडका तोंडावर येतो. पिझ्झासाठी ६०० च्या वर नेलं तर थर्मिस्टरवाला प्रोब आत ठेवायचाच नाही, त्याला ते झेपत नाही.

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सणाला टर्की असते, आणि तेव्हा दोन्ही प्रोब पक्ष्यातच जातात, एक छातीत, एक मांडीत. जाळीचं तापमान त्या दिवशी डायलवरून अंदाजानं धरतो. पण टर्की उंच असते, झाकण लावल्यावर डायलची दांडी थेट तिच्या छातीत घुसू शकते. मग डायल १२० दाखवतो, माणूस खिडक्या उघडत सुटतो आणि आत भट्टी होते. म्हणून पेटवायच्या आधी थंड एगमध्ये टर्की ठेवून झाकण लावून बघायचं. छातीला १६५ पुरतात, मांडीला १७५ च्या पुढे जावं लागतं. माझ्या एगमध्ये बिजागरीकडची मागची बाजू जास्त तापते, तेव्हा मांड्या तिकडे करून ठेवतो.